कोरडं कपाळ

"विसरले म्हण. विसरलेलं माणूस माघारी फिरून लावतं. लावणार न्हाई, असं माझ्या तोंडावर सांगू नको," चन्नबसम्मा म्हणाल्या.

"विसरले नाही, आत्याबाई. लावणार नाही."

वाद न्हाणीघराच्या दारात सुरू झाला होता. तिथून तो देवघरात गेला, ओट्यापाशी थोडा रेंगाळला आणि आता बाहेरच्या उंबऱ्यावर आला होता. शिवकन्या चपला घालून पायरीवर उभी होती. सासू उंबऱ्याच्या आत, एका हातात भस्माची गोळी, दुसऱ्या हाताची तीन बोटं पाण्यात बुडवून ओली केलेली. पुढे होऊन सुनेच्या कपाळावर तीन पट्टे ओढायला एक पाऊल पुरलं असतं. पण चाळिशी ओलांडलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला धरून भस्म लावणं गल्लीत बरं दिसलं नसतं. म्हणून त्या बोलत राहिल्या आणि बोटं वाळत गेली.

शिवरुद्र दोघींच्या मध्ये स्कूटरची किल्ली घेऊन उभा होता. परभणीच्या मोंढा बाजारात त्याचं सरकी-पेंडीचं दुकान आहे आणि भाव तोडायची त्याला सवय आहे. थोडंसं लाव, दिसेल न दिसेल इतकं, असं त्याने बायकोला सुचवलं. भस्म म्हणजे काय तोंडाला लावायची पावडर आहे का, असं आईने विचारलं. थोडंसंही चालणार नाही, असं बायको म्हणाली. त्याने किल्ली खिशात घातली.

"आपरेशनच्या टेबलावर बी मी गळ्यातलं लिंग सोडलं न्हाई," चन्नबसम्मा म्हणाल्या. "आन ही धडधाकट अंगानं भस्म सोडायलीय."

शिवकन्या निघून गेली. तिचा डबा ओट्यावर तसाच राहिला. तो ती विसरली नव्हती. पूजा झाल्याशिवाय खायचं नाही हा नेम होता आणि पूजा ती संध्याकाळी घरी आल्यावर करणार होती. हे तिने न्हाणीघराच्या दारातच सांगितलं होतं, पण ते कुणी धड ऐकलं नव्हतं.

शिवकन्या राणीसावरगावची. वडलांची थोडी शेती आणि गावात पिठाची गिरणी. तिने गंगाखेडला बी.एस्सी. केलं आणि हट्टाने पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. स्थळ आणलं ते दोन्ही लिंगायत घरांचे विधी करणाऱ्या जंगमाने. त्याने परभणीला येऊन मुलीबद्दल पहिली गोष्ट सांगितली ती तिच्या नेमाची: तापात फणफणली तरी लिंगपूजा चुकवत नाही. शिक्षणाचं त्याने जाताना, चपला घालता घालता सांगितलं. चन्नबसम्मांना मुलगी पसंत पडली ती पहिल्या गोष्टीसाठी. पुढे नात्यात सुनेची ओळख करून देताना मात्र त्या दोन्ही सांगत, आणि दुसरी जरा मोठ्याने.

लग्नानंतर शिवकन्या काही वर्षं तासिकेवर शिकवत होती. मग कायम झाली. तिची मुलगी दहावी होऊन लातूरला शिकायला गेली तेव्हा विभागप्रमुख दिनकररावांनी तिला आपल्या संशोधनात घेतलं. संशोधन हाडं जोडायच्या पट्ट्यांचं आणि स्क्रूंचं होतं. आज हे स्क्रू बहुतेक धातूचे असतात. हाड जुळलं तरी ते आत राहतात, आणि कधी टोचायला लागले की पुन्हा कापून काढावे लागतात. दिनकररावांना असं पॉलिमर हवं होतं की जे हाड जुळेपर्यंत धरून ठेवेल आणि मग अंगातच हळूहळू विरून जाईल, अंगाला अपाय न करता.

तसं एकच पॉलिमर पुरत नाही. एक करकरीत असतं, वाळल्या पापडासारखं, जोर दिला की तुकडे पडतात. दुसरं मऊ असतं, ओढलं की लांबत जातं. दोन्ही मिसळावी लागतात आणि ती आपण होऊन मिसळत नाहीत. त्यांना धरून ठेवणारं तिसरं काहीतरी किंचित घालावं लागतं. किती घालायचं आणि कधी, हे शोधण्यात शिवकन्येची वर्षं गेली. ते मिश्रण विरघळवून ती काचेच्या बशीत पातळ ओतत असे. सुकलं की त्याची आरपार दिसणारी फिल्म निघे. ती शरीराइतक्या गरम खारट पाण्यात ठेवायची आणि कशी झिजते ते बघायचं. घरात तिने हे एकदा सांगितलं होतं. ह्याला गिऱ्हाईक कोण, असं शिवरुद्रने विचारलं होतं.

"मोडलेली माणसं," ती म्हणाली होती.

त्यातलं एक माणूस घरातच होतं. चन्नबसम्मा अंगणात धुणं वाळत घालताना पडल्या आणि डावं मनगट मोडलं. नांदेडला नेऊन पट्टी बसवली. हाड जुळलं, पण एक स्क्रू सैल होऊन कातडीखाली टोचू लागला, म्हणून दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं. दोन्ही वेळा गळ्यातलं लिंग काढून घरच्यांकडे द्यायला सांगितलं गेलं आणि दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी हुज्जत घातली नाही. लिंग दवाखान्याच्या उकळलेल्या फडक्यात गुंडाळलं आणि त्यांच्या उजव्या मुठीत ठेवून मूठ बांधून टाकली. ही हकिकत चन्नबसम्मा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. फडक्याचा भाग बहुतेक वेळा गाळला जाई.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मनगट आखडलं. हाताने भाकरी थापता येत होती, कपडे पिळता येत होते. पण डावा तळहात पूर्ण उताणा होत नव्हता. आणि लिंगपूजेत लिंग ठेवतात ते डाव्या तळहातावर. तळहात तिरपा राहिला तर पाणी ओघळतं, बेलाचं पान घसरतं. तेव्हापासून रोज सकाळी शिवकन्या सासूशेजारी बसत असे. आधी तिची पूजा होई. मग ती आपला उजवा तळहात सासूच्या तळहाताखाली धरी, आणि चन्नबसम्मा उजव्या हाताने पाणी घालीत. हे कुणी ठरवलं नव्हतं. दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या सकाळी ते सुरू झालं आणि चालू राहिलं. त्या वेळात दोघी बोलत नसत, म्हणून भांडतही नसत.

कामात अडचण आली ती फिल्म झिजायला लागल्यावर. सगळीकडून सारख्या झिजायच्या ऐवजी त्यांना भोकं पडत होती. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर भोकांच्या जागी आधी बारीक पांढुरके कण असत. कण जिथे, तिथून फिल्म लवकर खाल्ली जाई. अशा मिश्रणाचा स्क्रू केला तर तो हाड जुळायच्या आतच तुटला असता.

शिवकन्येने हातमोज्यांची पावडर बदलली. खिडकीला ओल्या चादरी लावल्या, कारण परभणीची धूळ सगळ्यात आधी डोळ्यासमोर येते. बशा दुसरीकडून मागवल्या. कण गेले नाहीत. मग ती चुलतभावाच्या लग्नाला राणीसावरगावला गेली तेव्हा तिच्या जागी सविताने फिल्म ओतल्या. सविता झरीची, ह्याच विभागात पीएच.डी. करत होती. तिच्या फिल्म स्वच्छ निघाल्या.

दिनकररावांनी शिवकन्येला बोलावून घेतलं आणि बराच वेळ लातूरच्या शिकवण्यांबद्दल बोलले. मग म्हणाले, इथून पुढे ओतायचं काम सविता करेल, तुम्ही लिखाणाचं बघा. शिवाय तुम्हाला तासही जास्त असतात. पुण्याला तपासणीसाठी नमुन्यांचा एक संच जायचा होता. संशोधन पुढे जाणार की नाही हे त्यावर ठरणार होतं. तो संच मीच करते, असं शिवकन्या म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण त्यांना बरं वाटलं नाही हे तिला दिसलं. संच स्वच्छ निघाला नाही तर त्या टेबलापाशी तिने पुन्हा उभं राहायचं नाही, हे दोघांनाही न बोलता कळलं. ज्या मिश्रणात तिची एवढी वर्षं गेली ते मग दुसऱ्याच्या हातून होणार होतं.

तिने त्या दिवशी आपली एक खराब फिल्म चिनीमातीच्या मुशीत घालून भट्टीत जाळली. अशी फिल्म जळून गेली की मागे काही उरत नाही. मुशीच्या तळाशी करडं-पांढरं काहीतरी उरलं होतं, चिमटीत येईल इतकंच. तिने ते अंगठा आणि बोटात चोळलं. धूळ असती तर करकरली असती. हे करकरलं नाही. मऊपणे बोटाच्या रेघांत जाऊन बसलं. जन्मल्यावर जंगमाने गळ्यात लिंग बांधलं तेव्हापासून रोज तिच्या कपाळाला लागत आलेली गोष्ट होती ती. भट्टीतही तिचं काही बिघडलं नव्हतं, कारण ती आधीच जळलेली होती.

मिश्रण ओतताना बशीवर वाकावं लागतं. ते एकसारखं सुकावं म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. कपाळावरचं भस्म वाळतं, घाम येतो, माणूस बाहीने कपाळ टिपतो. दंडावरही पट्टे असतात. टोपी केसांना असते, मास्क नाकाला असतो. मधलं कपाळ उघडंच राहतं.

दुसऱ्या एखाद्या घरातली सून महिन्यातून चार दिवस पूजेपासून बाजूला बसली असती. तिचं कपाळ कोरडं राहिलं असतं, त्या दिवसांच्या फिल्म स्वच्छ निघाल्या असत्या आणि कारण केव्हाच सापडलं असतं. चन्नबसम्मांच्या घरात ते चार दिवस पाळत नसत. अंगावर लिंग असलेल्या बाईला विटाळ कसला, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यावरून त्या शेजारणींशी कडाकडा भांडलेल्या होत्या. त्या घरात पूजेला खंड नव्हता, म्हणून शिवकन्येची एकही फिल्म स्वच्छ नव्हती.

तिने दिनकररावांना सांगितलं. ते खुर्चीत मागे सरले. हा धर्माचा विषय आहे, मी काही बोलणार नाही, तुमचं तुम्ही बघा, असं म्हणाले. अहवालात त्यांनी वातावरणातील धूळ असं लिहिलं. मग तिने आधी घरी न सांगता करून पाहिलं: सकाळी पूजा, भस्म, आणि कॉलेजात पोचल्यावर साबणाने तोंड, दंड धुऊन टाकायचे. नळाखाली ओंजळ कपाळाकडे नेताना हात थांबला, तरी तिने धुतलं. कण कमी झाले, गेले नाहीत. भस्म भुवयांत राहतं, केसांच्या मुळाशी राहतं. ते नुसतं तोंड धुऊन जात नाही, डोक्यावरून न्हावं लागतं. ते त्या दिवशी लागलेलंच नसलं पाहिजे.

म्हणून ती सकाळ, आणि तो उंबरा.

त्या संध्याकाळी शिवकन्या आली, न्हाली, भस्म लावून पूजेला बसली. पूजा झाल्यावर ताटावर आली. चन्नबसम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. भाकरीचा पहिला तुकडा मोडेपर्यंत त्या थांबल्या.

"तुझे सासरे गेले तवा बायांनी माझं कुंकू पुसलं," त्या म्हणाल्या. "बांगड्या काढल्या. भस्माला हात लावायची कुणाची टाप झाली न्हाई. कपाळावर माझं म्हणून तेवढंच राह्यलं. ते तू आपल्या हातानं सोडायलीस."

"सोडत नाही. वेळ बदललीय."

"येळ. आज येळ, उद्या बाकीचं."

"आत्याबाई, तुमचं लिंग टेबलावर तुमच्यासंगं होतं," शिवकन्या म्हणाली, "पण दवाखान्याच्या फडक्यात होतं. तसंच समजा."

चन्नबसम्मा उठल्या. उद्याची डाळ निवडायला बसल्या. ती आधीच निवडलेली होती.

दुसऱ्या सकाळी शिवकन्या सवयीने सासूशेजारी येऊन बसली आणि तिने तळहात पुढे केला. चन्नबसम्मांनी तो बाजूला सारला. भस्म न लावलेला हात त्यांना लिंगाखाली नको होता. त्यांनी शिवरुद्रला बोलावलं. त्याने हात धरला, पण खिशातला फोन वाजत होता आणि मोंढ्यात ट्रक येऊन उभा होता. पाणी त्याच्या बाहीत गेलं. त्यानंतर त्यांनी मांडीवर उशी घेऊन तिच्यावर मनगट टेकवून बघितलं. उशी दबली, तळहात कलला, बेलाचं पान चटईवर पडलं. पूजा उरकली, पण नंतर त्या कितीतरी वेळ चटई पुसत होत्या. शिवकन्या हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मग चपला घालून ती निघाली.

असं काही दिवस चाललं. शिवकन्या दिवसभर पाण्यावर राही. माहेरी पूजेआधी पाणीही चालत नव्हतं, तेवढी सूट तिने घेतली होती. सविता तिच्यासमोर डबा उघडायला संकोचायची. मग शिवकन्येनेच तिला सांगितलं, गुमान जेव, तुझ्या न जेवण्याने माझं पोट भरणार नाही. घरात शेजारणी येऊन सुनेचं कोरडं कपाळ बघून गेल्या. चन्नबसम्मांनी त्यांना चहा दिला आणि तो विषय निघाला की सरकीचे भाव काढले. सुनेशी मात्र त्या कामापुरतंही बोलत नव्हत्या. मीठ हवं असलं तर मुलाला सांगत, आणि शिवरुद्र हातभर अंतरावरच्या बायकोला ते ऐकवी. पहिल्या दिवशी त्याला हे गमतीचं वाटलं होतं.

पुण्याचा संच झाला. पाठवायच्या आधी शिवकन्येने त्यातली एक पट्टी जाळली. मुशीत काही उरलं नाही. तिने बोट फिरवून बघितलं, बोटालाही काही लागलं नाही. दिनकरराव येऊन मूस बघून गेले. असंच चालू ठेवा, म्हणाले. कसं चालवता, हे त्यांनी विचारलं नाही. मिश्रण पूर्ण बसलं होतं असं नाही. स्क्रू करून बघितला की बारीक आट्यांच्या जागी ते अजून चिरत होतं आणि त्यावर पुढे बरंच काम होतं. पण ते काम आता तिचं होतं.

रविवारी संध्याकाळी ती पूजा आटोपून उठली तेव्हा शिवरुद्र पेपर वाचत होता. चन्नबसम्मांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ तिला विचारलं.

"गेलं का ते पुण्याला?"

"गेलं. चांगलं झालं."

"मग आता सकाळची बसशील."

शिवकन्येच्या लक्षात आलं की सासूने हे सगळं एखाद्या व्रतासारखं धरलं होतं, अमुक दिवस करायचं आणि उद्यापन करून सोडायचं. खोटं बोलायची वेळ होती ती, आणि सोपंही होतं.

"नाही, आत्याबाई. ह्याच्या पुढचा संच आहे. मग त्याच्या पुढचा. मी ओतते तोवर असंच राहील. रिटायर होईपर्यंत."

शिवरुद्रने पेपर खाली ठेवला. चन्नबसम्मा आपलं डावं मनगट उजव्या हाताने चोळत होत्या. सकाळी उशीवर दाबून ते दुखायला लागलं होतं. त्यांनी तळहात उताणा करून बघितला. जिथपर्यंत जायचा तिथपर्यंत गेला आणि थांबला. मग त्यांनी सुनेच्या हाताकडे बघितलं. पूजेचं भस्म त्यावर ओलं होतं.

"उद्या सोमवार," त्या म्हणाल्या. "उद्यापासून या घरातली पूजा दिवे लागल्यावर. माझी बी. ही आल्यावर, हिच्यासंगं. चूल त्याच्या मागून पेटंल."

शिवकन्या म्हणाली की त्यांची ब्लडप्रेशरची गोळी सकाळी खाऊनच घ्यायची असते, त्यांनी तेवढं सकाळचं करून घ्यावं. शिवरुद्रने सकाळच्या जेवणाचं आणि आपल्या दुकानाच्या डब्याचं काय, असं विचारलं. दुकान उघडल्यापासून त्याला बसायला वेळ नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे, असंही तो म्हणाला.

"गोळी पाण्यासंगं जाती," चन्नबसम्मा म्हणाल्या. "आन पूजेबिगर खायाचं न्हाई, हे तुला काय नवं न्हाई. दोन्ही डबे घासून फळीवर ठेवा."